स्वतःची कादंबरी स्वतः छापताना: आधी प्रतींचा हिशेब

कादंबरी लिहून होते. प्रकाशकांकडून उत्तर येत नाही, किंवा 'खर्च तुमचा, नाव आमचे' असे उत्तर येते. मग लेखक थेट छापखाना गाठतो आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, 'किती प्रती?' पाचशेचा दर अमुक, हजार केल्यात तर प्रतीमागे बराच कमी, असे सांगितले जाते. हे खरेच असते, कारण ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेट बनवून मोठ्या मशीनवर केलेल्या छपाईत, प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, पुढे वाढतो तो फक्त कागद आणि बांधणी. तरीही केवळ दर उतरतो म्हणून हजार प्रती छापणे ही स्वप्रकाशनातली सर्वांत महागडी चूक आहे. प्रती किती छापायच्या हे प्रती कोणाच्या हातात जाणार यावरून ठरवा, छपाईच्या दरावरून नाही.

त्यासाठी छापखान्यात जाण्याआधी एक यादी करा. पैसे देऊन पुस्तक घेतील अशा माणसांची नावे लिहा. 'ओळखीचे बरेच आहेत' असा अंदाज पुरत नाही. प्रकाशन समारंभाला किती माणसे येतील ते धरा. त्यातली निम्मी पुस्तक घेतील असे मानणेही जरा उदारच आहे. किती दुकाने प्रत्येकी पाच-दहा प्रती ठेवतील, हे त्यांना विचारूनच लिहा. शेवटी फुकट जाणाऱ्या प्रती: परीक्षणासाठी, पुरस्कारांसाठी, संपादक आणि चित्रकाराला, शिवाय कायद्याने ग्रंथालयांना द्यायच्या चार. पहिल्या कादंबरीसाठी ही बेरीज बहुधा दोनशे ते चारशेच्या मध्ये कुठेतरी थांबते. दोनशेच्या आत असेल तर डिजिटल छपाई करा. प्रत महाग पडते, पण पन्नास-पन्नास करून पुन्हा छापता येते. तीनशेच्या पुढे गेली की ऑफसेटचा भाव मागवायला हरकत नाही. दोन्हीकडचे लेखी कोटेशन घ्या आणि त्यात कर, लॅमिनेशन, वाहतूक धरली आहे का ते विचारा.

आता पैशांचा हिशेब. उदाहरणाचे आकडे घेऊ. पाचशे प्रती, छपाई प्रतीमागे ८० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी आणि मुखपृष्ठ मिळून ३५,०००. एकूण ७५,०००. किंमत ठेवली ३२० रुपये. वितरकाने ४५ टक्के कमिशन घेतले तर प्रतीमागे हातात १७६ रुपये येतात. चाळीस प्रती भेट गेल्या आणि उरलेल्या ४६० सगळ्या वितरकामार्फत खपल्या, तर येतात ८०,९६०. शेवटची प्रत विकली गेल्यावर उरले सहा हजारांपेक्षा कमी. याच ४६० पैकी २०० प्रती तुम्ही स्वतः २० टक्के सवलतीत, २५६ रुपयांना विकल्या, तर एकूण ९६,९६० येतात. टपालखर्च ग्राहकाकडून घेतला तर उरतात जवळपास २२ हजार. थेट विक्रीवरच स्वप्रकाशन तगते, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. किंमत छपाईखर्चाच्या चौपट ठेवण्याचा आडाखा याच कारणाने वापरतात. दुप्पट ठेवणाऱ्याला वितरकाचे कमिशनच परवडत नाही.

हस्तलिखित छपाईयोग्य करणे

पैसे कमी पडत असतील तर मुखपृष्ठावर कमी खर्च करा, संपादनावर नको. संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी कामे आहेत. संपादक प्रसंग, पात्रे, काळ, लांबी बघतो. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि सुटलेले शब्द. हा क्रम उलटला तर तपासलेल्या मजकुरावर पुन्हा काटछाट होते आणि मुद्रितशोधन वाया जाते.

मुद्रितशोधकाच्या हाती मजकुरासोबत एक पानभर ठराव द्या. निवेदनात 'केले' की 'केलं', संवादात कोणती बोली आणि ती कशी लिहायची, आकडे अक्षरी की अंकी, पात्रांच्या आणि गावांच्या नावांची नेमकी रूपे. शुद्धलेखनाचे १९६२चे नियम निवेदनाला लावा, पण संवादातली वऱ्हाडी किंवा मालवणी 'सुधारू' नका, असे स्पष्ट लिहा. सांगितले नाही तर कोणी ना कोणी ती सुधारतोच.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतात ठेवा. अनेक डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत काम करतात. मजकूर तिकडे नेला आणि पुन्हा इकडे आणला की ठरावीक ठिकाणी मोडतो. सर्वांत फसवा बिघाड अर्ध्या 'ऱ'चा. 'दऱ्या' शब्दातला ऱ रफार होऊन 'दर्या' होतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. दोन्ही शब्द बरोबर असल्याने तपासणीचे सॉफ्टवेअर गप्प बसते. म्हणून रूपांतरानंतर 'र्य' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा: वाऱ्या, सुऱ्या, कोऱ्हाळे, तऱ्हा. दुसरी जागा 'ॲ'. अ आणि त्यावर ॅ अशा दोन कळांनी टंकलेले अक्षर काही टंकांत तुटते. ते सगळीकडे एका अक्षराच्या 'ॲ'ने बदला. मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये होणार असेल तर त्यातला 'वर्ल्ड-रेडी' परिच्छेद-रचनाकार चालू आहे ना, हे पहिल्याच पानावर बघा. तो बंद असेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसते आणि जोडाक्षरे सुटी होतात.

टंक निवडताना मराठी वळणाचे ल आणि श आहेत ना ते पाहा. टिरो देवनागरी मराठी, मुक्ता, शोभिका हे मोफत मिळतात. सलग वाचनासाठी टिरो किंवा शोभिका बरे. मुक्ता प्रकरणांच्या शीर्षकांना शोभतो.

पान, कागद, बांधणी

मराठी कादंबरीचा रूढ आकार डेमी एक-अष्टमांश, साडेपाच बाय साडेआठ इंच. साडेबारा-तेरा पॉइंट अक्षर, ओळींमध्ये १८ पॉइंटांचे अंतर, पानावर २८ ओळी. देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाइतक्या जवळ ओळी बसवू नयेत. बांधणीकडे २० मिलिमीटर समास सोडा, बाहेर १५ चालतो. अशा पानावर २५० ते २७० शब्द बसतात, म्हणजे साठ हजार शब्दांची कादंबरी साधारण २३० पानांची. सुरुवातीची पाने आणि प्रकरणांमधल्या मोकळ्या जागा धरून ती २४० वर न्या, कारण २४० म्हणजे सोळा पानांचे नेमके पंधरा फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा). २४३ पाने झाली तर तीन पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो. मांडणीकाराला एखाद्या प्रकरणात चार ओळी आवळायला सांगा.

कागदाचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. २३ बाय ३६ इंचांच्या एका तावातून डेमीची ३२ पाने निघतात. २४० पानांना साडेसात ताव. पाचशे प्रतींना ३,७५० ताव, म्हणजे पाचशे तावांची एक याप्रमाणे साडेसात रीम. त्यावर नासधूस थोडी धरा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या) कागदाच्या अशा एका रीमचे वजन सुमारे पावणेएकोणीस किलो भरते, म्हणजे एकूण कागद १४० किलो. बिलात अकरा-बारा रीम दिसले तर विचारायला आधार मिळतो. शुभ्र मॅपलिथोपेक्षा पिवळसर नॅचरल शेड कागद घ्या. कादंबरी तासन्‌तास वाचायची असते आणि शुभ्र कागद डोळ्यांवर येतो. ६० जीएसएमवर मागचे छापील दिसते, तिथे बचत करू नका.

कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. आडवा आला तर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पाने लाटांसारखी वाकतात. बांधणीत फर्मे शिवून वर मुखपृष्ठ चिकटवलेले सर्वांत टिकाऊ; नुसत्या गरम डिंकाची बांधणी स्वस्त, पण ग्रंथालयात वीस हातांतून गेल्यावर पाने सुटतात. ग्रंथालयांवर भिस्त असेल तर शिवूनच घ्या. मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका: त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागा, पट्टीने मोजा आणि तो आकडा मुखपृष्ठकाराला द्या. दोन मिलिमीटरची चूक झाली तरी कण्यावरचे नाव मुखपृष्ठावर घसरते.

छापण्यापूर्वी तीन प्रुफे वाचा. तिसऱ्यात मजकूर बदलू नका. फक्त पानांचे क्रमांक, प्रकरणांची शीर्षके, वर एकटी राहिलेली ओळ आणि अनुक्रमणिका. मुखपृष्ठ मोबाइलवर पाहून मंजूर करू नका. पडद्यावरचा गडद निळा छापून येतो तेव्हा बऱ्याचदा जांभळट दिसतो. छापील नमुना दिवसाउजेडी बघा.

कागदपत्रे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जाने मोफत मिळतो. लेखक म्हणून स्वतः अर्ज करता येतो. त्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ त्याच्या मेहनतीचे घेतो, क्रमांकाचे नाही. छपाईच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा. कागदी प्रत आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक लागतात. बारकोड मलपृष्ठावर पांढऱ्या चौकटीत काळा छापा आणि रुंदी तीस मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, नाहीतर दुकानातले यंत्र तो वाचत नाही.

१९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय (एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधले), चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवायची असते. तुम्ही प्रकाशक आहात, म्हणून ही जबाबदारी तुमची. स्वामित्वहक्काची नोंदणी ऐच्छिक आहे. लिहिताक्षणी हक्क तुमचाच असतो.

मुखपृष्ठाच्या चित्रकाराशी मात्र लेखी करार करा आणि त्यात मुदत व प्रदेश नमूद करा. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचे. मांडणीपासून छपाईपर्यंत सगळे एकत्र करून देणाऱ्या 'पॅकेज' कंपनीशी करार करतानाही हेच कलम लक्षात ठेवा. शिवाय मांडणीची मूळ फाइल, मुखपृष्ठाची मूळ फाइल आणि आयएसबीएन कोणाच्या नावावर राहणार, हे सहीआधी लिहून घ्या. फाइल त्यांच्याकडे राहिली की दुसरी आवृत्तीही त्यांच्याच दराने छापावी लागते. कादंबरीत चित्रपटगीताच्या ओळी असतील तर परवानगी घ्या किंवा त्या काढा. गीतकाराच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क राहतो.

विक्री

दुकानदार प्रती उधारीवर ठेवतो. प्रत्येक वेळी चलन, म्हणजे प्रती दिल्याची पावती, करा, त्यावर प्रतींची संख्या, कमिशन आणि हिशेबाचा दिवस लिहा आणि सही घ्या. तीन महिन्यांनी स्वतः जाऊन मोजा. पुस्तकांची दुकाने गाठायची तर पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर. बाकी विक्री बुकगंगासारख्या ऑनलाइन दुकानांतून आणि थेट टपालाने.

टपालासाठी एक प्रत वजन करून ठेवा. ७० जीएसएमची २४० पानांची डेमी मुखपृष्ठासह २७५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि जाड पुठ्ठ्यात गुंडाळली की तीनशेच्या वर जाते. वजनाच्या टप्प्यावर दर उडी मारतो, म्हणून पातळ नालीदार पुठ्ठा आणि आत प्लॅस्टिकची पिशवी वापरा. पुस्तकाचे कोपरे पुठ्ठ्याच्या कडेपासून अर्धा इंच आत हवेत. प्रवासात मार बसतो तो कोपऱ्यांनाच.

ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी त्या वर्षीची सूचना आली की प्रत पाठवा. अनुदानित ग्रंथालये खरेदी करताना ती यादी बघतात. राज्य वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षावर चालतात. डिसेंबरच्या शेवटी घाईने पुस्तक काढले तर अर्जाला जेमतेम महिना मिळतो. तेच जानेवारीत काढले तर पूर्ण वर्ष हाताशी राहते. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत हस्तलिखित पाठवून बघा, पण छापण्याच्या आधी.

ई-बुक सोपे आहे. ॲमेझॉनचे किंडल मराठी घेते, मजकूर युनिकोडमध्ये हवा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या किंडलच्याच योजनेत नव्वद दिवसांसाठी घालावे लागते आणि मग त्या नव्वद दिवसांत ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. कागदी प्रतीला ही अट नाही. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार खर्च कापला जातो, म्हणून आतली चित्रे लहान करा.

प्रती पन्नासवर आल्या की पुनर्मुद्रणाचा विचार सुरू करा, शून्यावर नको. छापखाना तीन-चार आठवडे घेतो. वाचकांनी दाखवलेल्या चुका पानक्रमांकासह एका फाइलमध्ये साठवा आणि त्या मूळ मांडणीत दुरुस्त करा. मजकूर तोच असेल तर आयएसबीएन तोच राहतो, श्रेयपानावर 'पुनर्मुद्रण' आणि वर्ष लिहा. प्रकरणे बदलली असतील तर ती दुसरी आवृत्ती, तिला नवा क्रमांक घ्या.