अंगणात स्नॅपिंग टर्टल आलंय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क, मिनेसोटा किंवा कॅनडातल्या ओंटारियोच्या गावाकडच्या भागात राहणाऱ्या मराठी घरांची स्नॅपिंग टर्टल या झटकन चावणाऱ्या कासवाशी गाठ बहुधा मे-जूनमध्ये पडते. फूट-सव्वा फूट पाठ, कंगोरे असलेली लांब शेपटी, आणि जवळ गेलात की फुसफुसत उघडलेला जबडा. हे कासव पाण्यात माणूस दिसला की बहुतेक वेळा गुपचूप निघून जातं. चिडतं ते जमिनीवर. इतर बरीच कासवं डोकं-पाय आत ओढून घेतात. याचं पोटाकडचं कवच इतकं लहान असतं की त्याला लपताच येत नाही. मग चावण्याखेरीज ते काय करणार?

सगळ्यात घातक चूक म्हणजे शेपटीला धरून उचलणं. तिकडचे जुनेजाणते मासेमारही कधीकधी हेच सांगतात, पण ऐकू नका. शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचंच पुढे वाढलेलं टोक. दहा-बारा किलोंचं जनावर त्यावर लोंबकळलं की मणक्यांना इजा होते. कासव पाण्यात शिरतं, आपल्याला वाटतं सुटलं बिचारं, आणि आतली दुखापत कुणालाच दिसत नाही.

दुसरी चूक, कवच दोन्ही बाजूंनी मधोमध धरणं. मान लांब असते, झटक्यात मागे वळते आणि बोटं सापडतात. रस्त्यातून हलवायचंच असेल तर मागून जा, मागच्या पायांच्या वर कवचाची कड दोन्ही हातांनी धरा आणि पुढचे पाय जमिनीवर ठेवून हातगाडीसारखं ढकलत न्या. नख्या तीक्ष्ण असतात, जाड हातमोजे घाला. हे जमणार नसेल तर गाडीतली पायपुसणी किंवा रुंद फावडं खाली सरकवून ओढा. मात्र आधी रस्ता मोकळा आहे ना, ते पाहा.

ज्या दिशेला ते निघालं होतं, त्याच बाजूला सोडा. दया येऊन लांबच्या तळ्यात नेऊ नका. मे-जूनमध्ये रस्त्यावर दिसणारी बरीच कासवं अंडी घालायला निघालेल्या माद्या असतात. मागे नेऊन सोडलीत तर ती पुन्हा तोच रस्ता ओलांडणार.

अंगणात माती उकरत बसली असेल तर कुत्र्याला आणि मुलांना घरात घ्या. काही तासांत ती आपली आपण जाते. घरट्यात साधारण २० ते ४० अंडी असतात. ती उकरून हलवू नका, उलटसुलट झाली की आतला जीव मरू शकतो.

चावलंच तर हात हिसकू नका, जखम फाटते. कासवाला जमिनीवर किंवा पाण्यात टेकू द्या, ते सोडतं. जखम साबणाने धुवा, डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. नुसतं हाताळलंत तरी हात धुवा, अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

गाडीखाली सापडलेलं कासव मेलंय असं धरून चालू नका. ओंटारियोत मादी वयात यायला १५ ते २० वर्षं लागतात, म्हणून एकेक मादी मोलाची. पीटरबरोच्या ओंटारियो टर्टल कन्झर्व्हेशन सेंटरमध्ये फुटलेली कवचं जोडतात, मेलेल्या मादीच्या पोटातली अंडीही उबवतात. जखमी कासव हवा जाईल अशा झाकणाच्या खोक्यात ठेवा, पाणी-खाणं देऊ नका आणि सापडल्याची नेमकी जागा लिहून ठेवा. बरं झाल्यावर त्याला तिथंच सोडायचं असतं.