अंकुशकृमीविरोधी मोहिमा: शंभर वर्षांपूर्वीच्या या चुका टाळा

१८९९च्या ऑगस्टमध्ये पोर्तो रिकोवर मोठं चक्रीवादळ आलं. कॉफीचे मळे आडवे झाले आणि डोंगरातले मजूर पोन्से शहराकडे उतरले. बेट वर्षभरापूर्वीच स्पेनकडून अमेरिकेच्या हातात गेलं होतं. बेली अ‍ॅशफर्ड नावाचा तरुण लष्करी डॉक्टर या लोकांवर उपचार करत होता. माणसं मेणासारखी फिकट, पाय सुजलेले, चार पावलं चालली की धाप. उपासमारच असणार म्हणून त्याने त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घातलं. दिवस गेले तरी रंग पालटेना. शेवटी नोव्हेंबरमध्ये त्याने शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीची (हुकवर्मची) अंडी दिसली.

तपासण्याआधी कारण ठरवून मोकळं होणं, ही पहिली चूक. अ‍ॅशफर्डने निदान उपासमार तरी धरली होती. मळ्यांचे मालक तर याच माणसांना कामचुकार, आळशी म्हणत. अंगात रक्तच नसलेला माणूस कुदळ कशी उचलणार, हा प्रश्न त्यांना पडत नसे. मी कोकणातल्या एका उपकेंद्रावर बरीच वर्षं काढली. 'हिला कामच नको असतं' असं घरच्यांनी म्हटलेल्या बाईचं हिमोग्लोबिन तपासलं तर सहाच्या आत, हे मी कितीदा तरी पाहिलंय. अशा वेळी लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नका. शौचाची तपासणी करा आणि पायांबद्दल विचारा. आसामच्या चहामळ्यांत मजुरांच्या पायांना खाज सुटून फोड यायचे, त्याला 'पानीघाव' म्हणत. चिखलातल्या अंकुशकृमीच्या अळ्यांशी त्याचा संबंध आहे, हे चार्ल्स बेंटली या डॉक्टरने १९०२मध्ये दाखवून दिलं. त्याच्या काही वर्षं आधी कैरोत आर्थर लूस यांच्या हातावर अळ्या असलेलं पाणी चुकून सांडलं होतं. हाताला खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंडी सापडली. अळी कातडीतून शिरते, हे कळलं ते असं.

दुसरी चूक औषधाची. त्या काळी मुख्य औषध होतं थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल. आदल्या संध्याकाळी हलकं जेवण आणि जुलाबाचं मीठ, सकाळी थायमॉलचे दोन डोस, मग पुन्हा जुलाब. त्या दिवशी दारू आणि तेलकट खाणं बंद, कारण त्यांच्यासोबत थायमॉल रक्तात उतरून जिवावर बेतायचं. एवढं सगळं मजुराला त्याच्या भाषेत नीट सांगितलं नाही तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय एका दिवसाची हजेरी बुडे. पहिल्या महायुद्धात थायमॉल महागलं आणि चिनोपोडियम या वनस्पतीचं तेल पुढे आलं. त्याने काहींचे कान गेले. १९२१मध्ये मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड सुचवलं आणि वर्षभरात ते फिजीत हजारो लोकांना दिलं जाऊ लागलं. स्वस्त, एका डोसात काम. पण ते यकृतावर घाव घालतं, आणि दारू पिणाऱ्यांना तर जास्तच. काही रुग्ण दगावले. वसाहतीतल्या मजुराला 'नको' म्हणायची सोय किती होती, हाही प्रश्नच आहे.

आजची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल त्या मानाने फारच सोपी. तरी जंतनाशक दिनाच्या दिवशी शाळेत उभं राहून बघा. पोरं गोळी जिभेखाली धरतात आणि घंटा झाली की कुंपणापलीकडे थुंकतात. यादीत मात्र सगळ्यांपुढे टिक असते. गोळी समोर चावून खायला लावा, तोंड उघडून दाखवायला सांगा, आणि एखादं पोर आजारी असेल तर त्याला त्या दिवशी सोडा. पुढच्या फेरीत आई आपणहून पाठवेल.

आता मुख्य गोष्ट, संडास.

रॉकफेलर फाउंडेशनने १९१३मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य आयोग काढला आणि १९१४मध्ये ब्रिटिश गयानापासून वसाहतींत काम सुरू केलं. पद्धत शिस्तीची होती: हद्द ठरवा, घरोघर शिरगणती करा, प्रत्येकाचा नमुना तपासा, औषध द्या, पुन्हा तपासा. कागदावर यात खोट काढता येत नाही. १९१६मध्ये हीच मोहीम सिलोनच्या मातळे भागातल्या मळ्यांवर आली. मजूर तमिळ, बहुतेक दक्षिण भारतातून कंगाणीने आणलेले. कंगाणी म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडीतल्या मुकादमासारखा माणूस, उचल देणारा आणि त्याच उचलीने बांधून ठेवणारा. राहायला लाइनी, म्हणजे एकाला एक लागून खोल्यांच्या रांगा.

मळेवाल्यांना पटवताना मोहिमेच्या लोकांनी कामाच्या उत्पादनाची भाषा वापरली: मजुराच्या अंगात रक्त आलं की पत्ती जास्त तोडेल. युक्ती चालली, पण अर्धीच. औषध स्वस्त होतं, त्याला मालक तयार झाले. संडास बांधायला पैसा लागतो आणि त्यातून पत्ती वाढल्याचं लगेच दिसत नाही, तिथे हात आखडला. झालं असं की औषध पुढे गेलं आणि संडास मागे राहिले. लोक औषध घेऊन बरे होत आणि त्याच झाडीत, त्याच चिखलात अनवाणी जात. काही महिन्यांत पोटात पुन्हा किडे. मजूर एका मळ्यावरून दुसऱ्यावर आणि गावी जाऊन परतही येत, म्हणजे हद्द आखून 'साफ' केलेला भाग साफ राहतच नसे.

ज्याला नफ्याचं गाजर दाखवून मोहिमेत आणलं, तो नफ्यापुरताच बरोबर चालतो. म्हणून औषधाची तारीख ठरवण्याआधी संडासाचा खर्च कोणाचा, तो साफ कोण करणार आणि पाणी कुठून येणार, हे तीन प्रश्न सोडवा. त्यातला दुसरा सगळ्यात अवघड. मळ्यांवर ते काम ठरावीक जातीच्या माणसांच्या गळ्यात मारलं जाई, आणि आपणही अजून त्यातून पूर्ण सुटलेलो नाही. माझ्या हद्दीतल्या एका वाडीत अनुदानाचे अकरा संडास होते. पावसाळ्यात फिरले तर चारांत सरपण, दोनांत गवताच्या पेंढ्या, एकात कोंबड्या. गावाच्या वेशीवर मात्र 'हगणदारीमुक्त गाव' अशी कमान.

संडास असूनही रोग हटत नसेल तर पायवाटा बघा. अळ्यांना सावली, ओलावा आणि मोकळी माती लागते. तुडुंब पाण्यात अंड्यांची वाढ नीट होत नाही, म्हणून लावणीच्या खाचरापेक्षा बांध, आमराई, माडाखालची जागा जास्त धोक्याची. विल्यम कॉर्ट यांनी १९२१मध्ये त्रिनिदादला जाऊन मातीच तपासली. अळ्या आपणहून फारशा लांब जात नाहीत आणि उष्ण हवेत काही आठवड्यांतच मरतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे लोक जिथे परसाकडे बसतात, धोका तिथेच साठतो. आणि ती जागा वापरणं खरोखर थांबलं तर माती आपोआप सुरक्षित होते. सगळ्या गावावर औषध फवारायच्या गोष्टी करण्यापेक्षा पहाटे साडेपाचला कोण कुठल्या वाटेने जातं, ते बघून ठेवा. बायका अंधारात जातात, त्यांची वाट वेगळी असते. पुरुष कर्मचाऱ्याला ती कोणी सांगत नाही.

मोजण्यातली चूक लहान दिसते, पण तिने बरीच वर्षं फसवलं. सुरुवातीचे अहवाल 'इतके टक्के लोक बाधित' एवढंच सांगत. पण अँकायलोस्टोमा या जातीच्या एका अंकुशकृमीमागे रोज साधारण ०.२ मिलिलिटर रक्त जातं. शंभर असले तर रोज चार चहाचे चमचे, आणि पाच असले तर माणसाला पत्ताही लागत नाही. नेकेटर ही दुसरी जात त्याहून बरीच कमी रक्त घेते. नॉर्मन स्टोल यांनी १९२३मध्ये अंडी मोजायची पद्धत बसवली, तेव्हा कुठे ओझं, म्हणजे एकेकाच्या पोटात किडे किती, ते मोजता आलं. मग कलकत्त्यात आसा चँडलर यांनी भारतभरचे नमुने पाहिले. लागण पुष्कळ ठिकाणी पसरलेली होती, पण बहुतेकांच्या पोटात किडे थोडेच होते. टक्केवारीच्या भरवशावर आख्ख्या प्रांताला रोगी ठरवणं किंवा मोहीम यशस्वी म्हणून पाठ थोपटून घेणं, दोन्ही फसवं. बाधितांचा आकडा तोच राहून ओझं निम्म्यावर आलं असेल, तर तुमचं काम चाललंय. बाधित घटले पण गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन जागचं हललं नाही, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

जावामध्ये जॉन हायड्रिक १९२४मध्ये आले ते अंकुशकृमीसाठीच. पण पुढे त्यांनी औषधवाटप आणि हुकूम दोन्ही बाजूला ठेवले आणि पुरवोकर्तोजवळ स्थानिक तरुणांना 'मंत्री', म्हणजे तिथल्या भाषेत आरोग्यसेवक, म्हणून तयार केलं. हा मंत्री ठरलेल्या घरांत पुन्हा पुन्हा जायचा, गप्पा मारायचा, एका भेटीत एकच गोष्ट सांगायचा. संडास ज्याने त्याने आपल्या खर्चाने, बांबूचा का होईना, बांधायचा. वेळ लागला आणि आकडे देखणे दिसत नव्हते. सिलोननेही पुढे १९२६मध्ये कळुतराला आरोग्य केंद्र काढलं आणि जंतांबरोबर बाळंतपण, मलेरिया, पाणी हे सगळं एकाच माणसांच्या हाती दिलं.

आमच्याकडे आशाताईच्या वहीत घरभेटीसाठी एकच रकाना असतो, भेटीची तारीख. त्याच्या शेजारी पेन्सिलीने आणखी एक रेघ मारून घ्या आणि तिथे लिहा: संडासाच्या दाराशी चप्पल होती का, आणि तांब्या ओला होता का.