आधी टॉवेल हातात, मग स्लाइड

सोलापुरी टेरी टॉवेलच्या खरेदीदारांसमोर प्रेझेंटेशन करायचंय? सुरुवात कंपनीच्या इतिहासाने नको. आजोबांनी किती मागांवर धंदा उभा केला, ते चहाच्या वेळी सांगा. आधी ४०० आणि ६०० जीएसएमचे दोन टॉवेल लोकांच्या हातात द्या. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते आकड्यापेक्षा बोटांना लवकर कळतं. टॉवेल फिरत असताना पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा. पडदा काळा होतो, नजरा तुमच्याकडे वळतात. पुन्हा दाबलं की स्लाइड हजर. दरांचा लांबलचक तक्ता मात्र छापूनच द्या, तोही शेवटी. आधी दिलात तर सगळे माना खाली घालून भावच बघत बसतात!