सुटका झाली, पण अंगठी-मोबाईल कुठं? या चुका टाळा

सोलापूर जिल्हा कारागृहातून माणूस जामिनावर घरी येतो आणि पाकीट, मोबाईल, अंगठीची आठवण चार दिवसांनी होते. मग घरचे तुरुंगाच्या फाटकावर जाऊन वाद घालतात. तिथला शिपाई म्हणतो, ‘आमच्याकडं नाही.’ बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे न बघता अर्ज करणं, ही सगळ्यात जास्त चकरा मारायला लावणारी चूक. अटकेच्या वेळी अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तू पोलीस ठाण्यात असतात. गुन्ह्याशी संबंध म्हणून जप्त केलं तर तो मुद्देमाल; तो ठाण्यात असेल किंवा दोषारोपपत्रानंतर न्यायालयात नाझराकडे (माल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) गेला असेल. तुरुंगात दाखल होताना जमा केलेले पैसे आणि सामान मात्र तुरुंगाधिकाऱ्याकडे. तिन्ही ठिकाणच्या नोंदवह्या वेगळ्या. येरवड्याला बदली झाली असेल, तर सामान सोबत गेलं का, हेही लेखी विचारा.

पावती न मागणं ही दुसरी चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपास-खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ४९ प्रमाणे अंगझडतीत घेतलेल्या वस्तूंची पावती अटक झालेल्या माणसाला द्यावीच लागते. पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची अंगठी’ असं लिहितात, त्यात काही वावगं नाही. पोलीस काही सराफ नव्हेत. पण वजन आणि ओळखखूण लिहिलेली नसेल, तर उद्या हलकी अंगठी हातावर ठेवली तरी भांडणार कशाच्या जोरावर? सराफाची पावती, लग्नातले फोटो, मोबाईलचं बिल आणि त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाईलचा वेगळा ओळख क्रमांक) शोधून ठेवा.

‘सर्व वस्तू मिळाल्या’ या ओळीखाली न मोजता सही करू नका. सोलापूर शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांची बोली तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी कागद समजला नाही तर वाचून दाखवायला सांगा, लाजू नका.

‘साहेब उद्या या म्हणाले’ यावर महिने काढू नका. खटला चालू असेल तर ज्या न्यायालयात तो आहे तिथंच याच सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज द्या. सरकारी वकिलाचं म्हणणं मागवलं जातं. फोटो, पंचनामा आणि हमीपत्र घेऊन वस्तू परत देता येते. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात विनाकारण कुजत ठेवू नये. निकालानंतरचा आदेश कलम ४९८ खाली होतो, पण हमीपत्र दिलं नसेल तर तो साधारण दोन महिने, आणि अपील झालं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत, अमलात येत नाही.

वस्तू हरवलीच असेल तर? ‘नाहीये’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका, तेच लेखी घ्या. १९७७ च्या बसव्वा पाटील प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातून दागिने गेले होते. नीट काळजी घेतल्याचं दाखवता आलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं सरकारला किंमत भरायला लावली. बाई फिर्यादी होत्या, आरोपी नव्हे. तरी ताब्यातल्या मालाची जबाबदारी कुणाची, हे त्यातून ठरलं.

दिवाणी दावा लावायचा तर सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायद्यानुसार केल्याचं सांगितल्या जाणाऱ्या कृतीबद्दल भरपाई मागायला मुदत एकाच वर्षाची आहे, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत तारीख विचारा. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तो अर्ज तुरुंगातूनच करता येतो.