थंड मांडीतलं मॉर्फिन

बेळगावच्या वॅक्सिन डेपो मैदानावर पहाटे धावणारी, पीयूसी (बारावी) सायन्स करून लष्करात नर्सिंग असिस्टंट व्हायची तयारी करणारी बेळगाव-खानापूर-निपाणीची पोरं भरतीचं सगळं एकमेकांना विचारून घेतात. औषधांच्या पिशवीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. हे त्या पिशवीबद्दल.

पिशवीतली नावं फार नाहीत. पोस्टिंगप्रमाणे यादी बदलते आणि डोस आरएमओंच्या, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांच्या, आदेशानेच द्यायचा. नावं आठवड्यात पाठ होतात. जीव जातो तो दुसऱ्या सुईने.

कसा, ते नीट बघा. जवानाचं रक्त बरंच गेलंय, हात थंड आहेत, मनगटाची नाडी लागत नाही. अशा वेळी शरीर कातडी आणि स्नायूंकडचं रक्त काढून हृदयाकडे, मेंदूकडे वळवतं. तुम्ही दुखणं थांबवायला मांडीत 10 मिलीग्रॅम मॉर्फिन देता. स्नायूत रक्तच फिरत नाही, त्यामुळे औषध टोचलं तिथेच पडून राहतं. पंधरा मिनिटांनी तो अजून कण्हतोय. तुम्हाला वाटतं डोस कमी पडला, म्हणून दुसरी सुई. मग तिसरी. पुढे त्याला रक्त चढतं, ऊब मिळते, प्रेशर सुधारतं, मांडीत रक्त परत फिरतं आणि तिन्ही डोस एकदम अंगात उतरतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मिनिटाला सहावर येतो. तोवर जखमी तुमच्या हातातून पुढे गेलेला असतो आणि तिथल्या माणसाला तीन सुया माहीत नसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींमधलं हीच विषबाधा हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने 1944 मध्ये मांडली होती.

रक्त जाऊन प्रेशर पडलेली ही अवस्था म्हणजे शॉक. म्हणून शॉकमधल्या माणसाला मांडीत मॉर्फिन नाही. खरं तर अशा माणसाला मॉर्फिनच टाळतात, कारण ते प्रेशर आणखी पाडतं. तिथे केटामिन हे दुसरं वेदनाशामक बरं. शॉक नसेल आणि शिरेतून मॉर्फिन द्यायचा आदेश असेल, तर 10 मिलीग्रॅमची ॲम्प्यूल सलाईनने 10 मिलीपर्यंत भरा: 1 मिलीत 1 मिलीग्रॅम. दोन-तीन मिली हळू द्या, थांबा, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. आणि ॲम्प्यूलवरचा आकडा वाचा! मॉर्फिन 15 मिलीग्रॅमचंही येतं, ते 10 मिलीत घातलं की सगळं गणित दीडपट. केटामिन तर 1 मिलीत 10 मिलीग्रॅम आणि 50 मिलीग्रॅम अशा दोन्ही ताकदींचं मिळतं. ‘2 मिली दे’ असं कुणी म्हणालं तर ‘किती मिलीग्रॅम?’ विचारा, समोर सुभेदार असला तरी. लेबल मोठ्याने वाचायला लावणारा उस्ताद (शिकवणारा) कटकट्या वाटतो, पण त्याच्याच मागे राहा. मोबाईलमध्ये डोसचे तक्ते साठवणं मला अजिबात पटत नाही. अंधारात, रक्ताळलेल्या हातांनी ते उघडत नाहीत.

रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं सोपं आहे. 500 मिलीग्रॅमच्या दोन ॲम्प्यूल, 100 मिली सलाईनमध्ये, 10 मिनिटांत. धक्क्याने ढकललं तर प्रेशर पडतं. जखमेपासून 3 तासांच्या आत द्यायचं. त्यानंतर दिलं तर फायदा नाही, उलट धोका वाढतो. गावच्या दवाखान्यात अंगदुखीला डायक्लोफेनॅक टोचून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण रक्त वाहणाऱ्या जखमेत ते नको, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं काम बिघडतं. सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक आणि रिंगर लॅक्टेट हे सलाईन एका नळीतून सोडू नका, आत खडे धरतात.

हे सगळं ऐकून घाबरू नका. श्वास मोजता आला की निम्मी चूक वेळेत पकडता येते, आणि मॉर्फिनवरचा उतारा, नॅलॉक्सोन, आहेच. फक्त त्याचा असर तासाभरात ओसरू शकतो आणि मॉर्फिनचा चार तास टिकतो. शुद्धीवर येऊन बोललेला माणूस पुन्हा गप्प होऊ शकतो. म्हणून जखमीच्या कार्डावर औषध, मिलीग्रॅम, कुठून दिलं आणि वेळ लिहा. कपाळावर मार्करने मॉर्फिनचा ‘एम’ आणि वेळ. स्ट्रेचर उचलणाऱ्याला तेच तोंडी सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या.