गद्यातून पदात: संगीत नाटकात पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

संगीत नाटकाने माणूस बदलतो असं सगळेच म्हणतात, पण कशाने बदलतो ते फारसं कुणी सांगत नाही. गळा तयार होतो म्हणावं, तर त्यासाठी गाण्याचे वर्ग आहेत. सभाधीटपणा वक्तृत्वानेही येतो. संगीत नाटकात या दोन्हींच्या पलीकडचं एक काम करावं लागतं: बोलता बोलता गायला लागायचं, गातानाही समोरच्या पात्राशी बोलणं चालूच ठेवायचं आणि पद (नाटकातलं गाणं) संपल्यावर वेगळं काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा गद्यावर यायचं. या सांध्यावर श्वास, कान, शरीर आणि लक्ष यांची एकाच वेळी कसोटी लागते. माणसात जो काही फरक पडतो तो इथे काम केल्याने पडतो. तेव्हा पुढचं सगळं या सांध्याभोवतीच आहे. नोकरी-संसार सांभाळून हौशी संस्थेत जाणारा, थोडंफार गाणारा प्रौढ माणूस इथे डोळ्यांसमोर धरला आहे.

आधी नांदीत उभे राहा

पुण्यातलं भरत नाट्य संशोधन मंदिर, ठिकठिकाणच्या हौशी नाट्यसंस्था, गोव्यात जत्रेच्या निमित्ताने नाटक करणारी गावोगावची मंडळी अशा ठिकाणी नवख्या माणसाला आजही वाव असतो. संस्थेत नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. पदं कोण बसवणार? ऑर्गन आणि तबला तालमीला किती दिवस आधीपासून येणार? प्रयोग किती होणार? साथ थेट रंगीत तालमीलाच येणार असेल तर तो धोक्याचा इशारा समजा. किमान पंधरा दिवस तबल्याबरोबर उभी तालीम झाली नाही, तर पद पाठ असूनही ऐनवेळी सम (तालाची पहिली मात्रा) हुकते. आणि प्रयोग एकच असेल तर शिकण्याचा अर्धा भाग हातचा जातो. पहिल्या प्रयोगात काय कमी पडलं ते दुसऱ्यातच कळतं. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो, पण निव्वळ स्पर्धेपुरतं नाटक करणाऱ्या संस्थेपेक्षा दोन-चार प्रयोग लावणारी संस्था नवख्याला जास्त देते.

पहिल्या नाटकात मोठी भूमिका मागू नका. नांदीत, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पदात, उभे राहा. चार-सहा जणांच्या आडोशाने ऑर्गनचा सूर पकडणं, दिव्यांच्या झोतातही नजर खाली न पाडणं आणि हात न चाळवता स्थिर उभं राहणं या तिन्ही गोष्टी तिथे फुकटात शिकायला मिळतात. त्यानंतर एकाच पदाची छोटी भूमिका घ्यावी. पहिलं वर्षभर तेवढं पुष्कळ आहे.

पट्टी आणि जुन्या ध्वनिमुद्रिका

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला षड्ज (सा) धरून गायचं तो स्वर. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास असते, स्त्रियांची पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान. पण हा नुसता अंदाज झाला. खरी परीक्षा अशी: दोन मजले जिना चढून या आणि लगेच पदातला सर्वांत वरचा स्वर आकारात (‘आ’ म्हणत) लावा. तो स्वर ओरडून लावावा लागला तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवा. घरी मांडी घालून बसल्यावर सहज लागणारा तार पंचम रंगमंचावर हालचाल करताना, घाबरलेल्या श्वासावर लागत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल हा नवख्यांचा आवडता रोग. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून पद आटोपशीर करून, बरेचदा लय वाढवून गायलेलं असायचं. तेच पद रंगमंचावर पसरून, प्रसंग पाहून गायलं जाई. शिवाय त्या गायकांना माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे. चाल आणि शब्दांची फेक ऐकण्यासाठी मुद्रिका उत्तम. त्यातल्या ताना तशाच्या तशा उचललेलं पद मात्र उसनं वाटतं.

चाल लावण्याआधी

पद आधी गद्यासारखं वाचा, निदान तीन दिवस. त्या ओळीत पात्र काय करतं ते प्रत्येक ओळीपुढे एका क्रियापदात लिहा: विनवतो, टोमणा मारतो, लपवतो, समजूत काढतो. ‘दुःखी आहे’ असं लिहू नका, कारण ‘दुःखी आहे’ हे रंगमंचावर करता येत नाही. समजूत काढणं करता येतं. एखाद्या ओळीला क्रियापद सापडलं नाही तर दिग्दर्शकाला विचारा. बहुतेक वेळा ती ओळ तुम्ही समजून न घेता पाठ केलेली असते.

मग शब्द तालात बोला, सुराशिवाय. त्रितालाच्या सोळा मात्रा असतील तर सम पहिलीवर, टाळ्या पाचवीवर आणि तेरावीवर, खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा) नववीवर. वहीत समेच्या अक्षरावर फुली आणि खालीच्या अक्षरावर शून्य काढा. त्रितालातली पुष्कळ पदं खालीपासून उठतात. तिथे पहिला शब्द नवव्या मात्रेवर पडतो आणि सम मुखड्याच्या (पदाच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या पहिल्या ओळीच्या) पोटात येते. हे डोक्यात पक्कं नसेल तर तबल्याने उठाण (सुरुवातीचा तुकडा) घेतल्यावर गोंधळ उडतो. झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा, रूपकाच्या सात मात्रांचंही तसंच. रूपकात पहिल्या मात्रेवरच खाली असते, त्यामुळे त्यात जोर देण्याची सवय उलटी लागते. त्याला दोन दिवस जास्त द्या.

आता सूर. तानपुऱ्याच्या अॅपवर षड्ज लावून, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत पूर्ण पद बिनचूक म्हणता आलं की पाच-पाच मात्रांनी लय वाढवा. ठरलेल्या लयीपेक्षा दहा मात्रा जास्त लयीतही म्हणून ठेवा, कारण प्रयोगात सगळ्यांचीच लय चढते.

रोजचा रियाज चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको: दहा मिनिटं खर्जातले (खालच्या सप्तकातले) स्वर, दहा मिनिटं अलंकार (स्वरांच्या ठरावीक क्रमांचा सराव), उरलेला वेळ पदाला. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खरा सांधा

समजा, पदापूर्वीचं शेवटचं वाक्य आहे: ‘तू जाणारच असशील, तर मी अडवणार नाही.’ नवखा नट ‘नाही’ म्हणून थांबतो, छाती भरून श्वास घेतो, ऑर्गनवाल्याकडे पाहतो आणि मग गायला लागतो. त्या दोन सेकंदांत पात्र मरतं. प्रेक्षकांना दिसतो तो गाण्याच्या तयारीतला गृहस्थ, आणि पुढचं पद कितीही सुरेल झालं तरी ते मैफलीचं होतं.

उपाय असा. श्वास ‘तर’च्या आधी घ्या, ‘नाही’नंतर नको. स्वल्पविरामाला घेतलेला श्वास बोलण्याचा वाटतो. तोच श्वास ‘नाही’ संपवून पदाच्या पहिल्या शब्दापर्यंत पुरला पाहिजे. त्यासाठी ‘स्’चा उच्चार लांबवत श्वास सावकाश सोडण्याचा सराव करा, सुरुवातीला बारा-पंधरा सेकंद टिकेल, महिन्याभरात वीसच्या पुढे जाईल. नंतर तोच सराव चालता चालता करा.

दुसरं, तानपुरा चालू ठेवून गद्य बोला. हळूहळू बोलण्याचा शेवट षड्जावर किंवा पंचमावर आपोआप टेकू लागतो. ‘नाही’ हा शब्द षड्जावर पडला की ऑर्गनचा सूर वाक्याच्या खालून आल्यासारखा वाटतो, सूर शोधावा लागत नाही. ऑर्गनवाल्याला नक्की कोणत्या शब्दावर सूर द्यायचा ते ठरवून सांगा आणि त्याच्या वहीत लिहून द्या. ‘तुम्ही द्या अंदाजाने’ म्हणालात तर प्रत्येक तालमीला सूर वेगळ्या जागी येईल.

तिसरं, पहिलं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) साधं गा. हरकत, मुरकी अशी सजावट काही नको. बोलण्याचाच आवाज थोडा लांबवल्यासारखा. जागा घ्यायच्या त्या दुसऱ्या आवर्तनापासून. चौथी गोष्ट हाताची: गद्यात सुरू झालेली हालचाल पदाच्या पहिल्या ओळीत पूर्ण होऊ द्या. वाक्य संपताच हात खाली पडले तर तिथे पुन्हा तोच तुकडा पडतो.

परतीची वाट याहून अवघड. शेवटच्या समेनंतर टाळ्या आल्या तर त्यांच्याकडे पाहू नका, मान झुकवू नका. नजर समोरच्या पात्रावर ठेवून थांबा. टाळ्या अर्ध्यावर ओसरल्या की वाक्य टाका. पूर्ण शांत होण्याची वाट पाहिलीत तर प्रसंग थंड होतो. वन्समोअर आला तर घ्यायचा की नाही हे आधीच ठरलेलं असावं, आणि घ्यायचा असेल तर पुन्हा फक्त अंतरा की सगळं पद, तेही तबलजीसकट सर्वांना माहीत असावं.

या सांध्यावर रोज दहा मिनिटं स्वतंत्र काम करा: तीन वाक्यं, पदाची एक ओळ, पुन्हा एक वाक्य. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून डोळे मिटून ऐका. बोलणं कुठे संपलं ते नेमकं दाखवता आलं तर सांधा अजून कच्चा आहे.

दुसऱ्याचं पद चालू असताना

या कामाला तालमीत सर्वांत कमी वेळ मिळतो, आणि माणूस इथेही पुष्कळ बदलतो. समोरचा चार मिनिटं गातोय आणि तुम्ही खांबासारखे उभे, किंवा त्याहून वाईट म्हणजे मान डोलावून दाद देताय. तुमचं पात्र गाणं ऐकत नसतं. त्याच्याशी कुणीतरी बोलत असतं. म्हणून समोरच्याचं पद तुम्हीही पाठ करा. त्यातले तीन शब्द निवडा, जे तुमच्या पात्राला लागतात: एकावर श्वास बदला, एकावर नजर काढून घ्या, एकावर पाऊल टाका किंवा टाकता टाकता थांबा. मधल्या वेळी काहीही करू नका. फक्त ऐका.

चार-सहा महिने हे केल्यावर रंगमंचाबाहेरही एक सवय लागते: समोरचा बोलत असताना आपलं उत्तर जुळवत न बसण्याची. हा फरक बहुधा सर्वांत आधी घरच्यांच्या लक्षात येतो.

शब्द गेला तर

विंगेतला प्रॉम्प्टर गद्यात वाचवतो. पदात त्याचा उपयोग नाही, कारण त्याचा शब्द येईस्तोवर मात्रा निघून जाते. शब्द गेला की आकार धरा, त्याच स्वरावर टिकून राहा आणि पुढच्या मुखड्याला परत या. मुखडा सहसा विसरत नाही. हे मुद्दाम घोकावं लागतं: तालमीत सहकाऱ्याला मधेच टाळी वाजवायला सांगा, टाळी वाजली की शब्द सोडायचे, आकार घ्यायचा, समेवर यायचं. दहा वेळा केलं की भीतीची धार जाते, कारण पडल्यावर काय करायचं ते शरीराला ठाऊक असतं.

गळ्याबद्दल थोडंसं

प्रयोगाच्या आदल्या दिवशी पूर्ण ताकदीची तालीम नको. खाकरून घसा साफ करू नका, पाण्याचा घोट घ्या. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर घरगुती काढे थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

काय बदलणार नाही

लाजाळूपणा जात नाही. त्याला काम मिळतं, एवढंच. अडखळत बोलणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत, पण त्यावरून नाटकाने तोतरेपणा बरा होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गद्यातला अडथळा आपोआप जात नाही, त्यासाठी वाचा-उपचार लागतात. कौतुकाची भूक मात्र वाढते. तिच्यावर एकच औषध ठाऊक आहे: पुढच्या नाटकात एकही पद नसलेली भूमिका घेणं, किंवा विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या पदांची वही धरणं.

शेवटच्या प्रयोगानंतरचा आठवडा रिकामा जातो, बरेच जण त्यातच नाटक सोडतात. एक दिवस गळ्याला पूर्ण विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशी वहीत ज्या जागी सांधा फुटला त्या जागांवर लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवा, आणि तिसऱ्या दिवसापासून चाळीस मिनिटांचा रियाज पूर्वीच्याच वेळेला पुन्हा सुरू करा, पुढचं नाटक ठरलेलं असो वा नसो.