टिनाच्या घरात मोबाईलचं नेट टॅबला कसं द्यायचं

आमचं घर टिनाचं, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आत शिरलं की रेंज गेलीच समजा. भाचीला अभ्यासाचे व्हिडिओ टॅबवर पाहायचे असते अन् टॅबमधे सिमची जागाच नाही, म्हणून रोज माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून देतो.

सेटिंग नंतर, आधी फोन कुठं ठेवायचा ते पाहा. टॉवर पकडायचं काम फोनचं, टॅबनं फक्त फोनला पकडायचं, मग दोघं जवळ कशाला पाहिजे? फोन ओसरीच्या खिडकीत जिथं रेंज येते तिथं ठेवायचा अन् टॅब घेऊन पोरगी खोलीत बसली तरी चालते, फक्त मधात टिनाची भिंत नको. एकदा पावसाचे शितोडे उडते म्हणून आजीनं फोनवर स्टीलचा गंज पालथा घातला, अन् मी अर्धा तास टॅबच बंद-चालू करत बसलो! लोखंड, टिन, स्टील यातून नेट जात नाही बाप्पा. अन् उन्हाळ्यात खिडकीत ऊन येत असन तर फोन हलवा, हॉटस्पॉटनं तो तसाही तापते.

आता सेटिंग. मोबाईल डाटा चालू, डाटा सेव्हर बंद (तो चालू असला तर बऱ्याच फोनात हॉटस्पॉट लागतच नाही), मग सेटिंगमधे हॉटस्पॉट अँड टेथरिंग उघडून नाव टाका अन् कमीत कमी ८ अक्षरांचा पासवर्ड. स्वतःचा मोबाईल नंबर टाकू नका, तो अख्ख्या गावाला पाठ असते. मग टॅबच्या वायफायमधे ते नाव दिसन, पासवर्ड टाका, झालं.

नाव दिसलंच नाही तर बहुतेक बँडचा (वायफायच्या लहरींचा प्रकार, २.४ नाहीतर ५ गिगाहर्ट्झ) घोळ असते. जुन्या, स्वस्त टॅबला ५ गिगाहर्ट्झ समजत नाही, म्हणून हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे २.४ करा, ते लांबपर्यंत पण जाते. आयफोन १२ किंवा त्याच्या नंतरचा असला तर तिथं मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी चालू करायचं. नाव दिसते पण जोडत नाही असं झालं तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे सिक्युरिटी (पासवर्डच्या सुरक्षेची पद्धत) डब्ल्यूपीए३ ची डब्ल्यूपीए२ करून पाहा. अन् थोड्या वेळानं आपोआप बंद पडत असन तर ऑटोमॅटिक बंद होण्याचा ऑप्शन काढून टाका.

खरी भानगड डाट्याची. टॅबला वाटते आपल्याला फुकटचं वायफाय भेटलं, मग तो गुपचूप सगळे ॲप अपडेट करत बसते. आमचा रोजचा दीड जीबी असाच एकदा सकाळी ९ वाजताच संपला, अन् नंतर जी ६४ केबीपीएस स्पीड राहते तिच्यात व्हिडिओ काय, फोटो पण उघडत नाही. म्हणून टॅबमधे त्या वायफायच्या नावावर जाऊन ते मीटर्ड (म्हणजे मोजून वापरायचं नेट) करून ठेवा, प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद करा, अन् व्हिडिओ ३६० क्वालिटीवर पाहा, फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात दिसते.

लाईन गेली अन् फोनची बॅटरी १५ टक्के उरली तर ब्लूटूथ टेथरिंग वापरा, म्हणजे वायफायऐवजी ब्लूटूथनं टॅबला नेट द्या. दोन्हीकडं ब्लूटूथ चालू करून पेअर करा, फोनमधे ब्लूटूथ टेथरिंगचं बटन दाबा. बॅटरी कमी खाते, पण स्पीड बैलगाडीची. गृहपाठाचा व्हॉट्सॲप मेसेज तेवढा येते, व्हिडिओचं नाव काढू नका.